दुधाची वाटी आणि उपाशी साप



श्रावण जवळ आला आहे. आपल्या भागात आता ज्वारीच्या लाह्या फुटू लागतील, लिंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातील, घरोघरी उंडीचे लाडू वळले जातील. शेजारच्या कन्नड घरात तिला नागर पंचमी म्हणतात, आपल्या घरात नागपंचमी. सण एकच आहे आणि लाडवांची देवाणघेवाण भिंतीवरूनच होते. याच दिवसांत शाळेच्या फाटकाशी टोपली घेऊन एखादा गारुडी येऊन बसतो. पूर्वी चार-पाच येत, आता एखादाच दिसतो. मुले जमतात, कोणी घरून वाटीभर दूध आणते, नाग वाटीत तोंड घालतो आणि मोठी माणसेही हात जोडून उभी राहतात.

त्या वाटीविषयी आम्हांला यंदा लिहावेसे वाटले, याला कारण घडले आहे. काही पालकांनी विश्वस्त मंडळाला पत्र दिले आहे. नववीच्या दोन विद्यार्थ्यांनी साप पाळला, सबब त्यांना शाळेतून काढावे, अशी पत्रातील मागणी आहे. पत्र लिहिणाऱ्यांची काळजी आम्ही समजू शकतो. परंतु या मागणीशी आम्ही सहमत नाही, आणि का नाही ते सर्वांसमोर सांगणे आम्हांला योग्य वाटते.

प्रकार असा घडला. जून महिन्यात पेरणीआधी शेतात रोटाव्हेटर फिरत असताना एक धामण त्यात सापडली. शेपटीकडचा भाग फाटला होता. गडी काठी घेऊन धावले, तेव्हा या दोघांनी तिला पोत्यात घेतले आणि गोठ्यात रंगाच्या रिकाम्या बादलीत ठेवले. झाकणाला खिळ्याने भोके पाडली. जखमेवर हळद लावली. पहिल्या दिवशी दूध ठेवले, ते तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी अंडे फोडून ठेवले. मग भाकरीचा कुस्करा, मग वरणभात. दर तासाला झाकण उघडून पाहायचे, खाल्ले का. नऊ दिवस असे गेले. दहाव्या दिवशी दोघे विज्ञानाच्या बाईंकडे आले आणि म्हणाले, "बाई, साप जेवत नाही. मरेल का हो?"

बाईंनी त्याच दिवशी वनखात्याला कळवले. कर्मचारी येऊन धामण घेऊन गेले, पशुवैद्याने जखम धुऊन साफ केली, शेपटीचे टोक काढून टाकावे लागले. तिला कोरड्या खोक्यात, काळोखात, उलट्या मडक्याच्या आडोशाला ठेवले, पसरट भांड्यात पाणी ठेवले आणि कोणी तिच्याकडे फिरकायचे नाही अशी ताकीद दिली. तिने प्रथम पाणी घेतले. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री उंदीर खाल्ला. पुढे जखम भरल्यावर तिला ओढ्याकाठी सोडून दिले. एवढीच हकीकत आहे. पत्रात मात्र "शाळेत नाग पाळला जातो" असे लिहिले आहे. साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

आता त्या मुलांच्या प्रश्नाकडे येऊ, कारण आमच्या मते या साऱ्या प्रकरणात शहाणपणाची गोष्ट तेवढीच होती. साप जेवत का नाही?

आपण माणसे आजारी माणसाला आधी काहीतरी खायला घालतो. पेज, मऊ भात, निदान चहात बुडवून टोस्ट. पोटात काही गेले म्हणजे जिवाला बरे वाटेल, असे आपल्याला वाटते. सापाच्या शरीराचा कारभार निराळा आहे. त्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. ती तो उन्हातून, तापलेल्या दगडातून, मातीतून घेतो. साधारण अठ्ठावीस-तीस अंशांच्या आसपास ऊब मिळाली तर त्याची पचनशक्ती नीट चालते. गार जागी ठेवलेल्या सापाने उंदीर गिळला तर तो पोटात पचण्याऐवजी कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. म्हणजे गोठ्यातल्या पावसाळी गारव्यात बादलीच्या तळाशी पडलेल्या त्या धामणीने अन्न नाकारले, यात तिचा हट्ट नव्हता. अन्न घेतले असते तर ते तिला बाधले असते.

दुसरे कारण भीती. साप दर तासाला झाकण उघडून पाहणारा चेहरा पाहून धीट होत नाही, उलट अधिकाधिक घाबरतो, आणि घाबरलेला साप खात नाही. त्याला लपायला जागा लागते. ज्याला आपण "बिचारा एकटा पडला आहे" म्हणतो, ते एकटेपणच त्याचे औषध असते. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ होतात, त्याला नीट दिसत नाही, तेव्हाही तो अन्नाला शिवत नाही. तोंडाला इजा झाली असेल, हिरड्यांत पू झाला असेल तर खाणे शक्यच नसते. साप आपली दुभंगलेली जीभ बाहेर काढतो ती वासासाठी. हवेतले वासाचे कण तो टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे नेतो आणि त्यावरून भक्ष्य ओळखतो. ती जीभच दुखावली तर समोर उंदीर असूनही त्याला तो पुरता कळत नाही.

आणि शेवटी, भाकरी हे त्याचे अन्नच नव्हे. धामण उंदीर खाते, बेडूक खाते, कधी पक्ष्यांची अंडी-पिल्लेही. तुरीच्या आणि सोयाबीनच्या रानात आपल्या शेतकऱ्यांचे जे धान्य उंदीर नेतात, त्या उंदरांच्या बिळात शिरू शकणारा हा प्राणी आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. त्या तुरीची राखण करणाऱ्यांत या केरे हावूचाही वाटा आहे. (कन्नडमध्ये धामणीला केरे हावू म्हणतात, हे आमच्या मुलांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.)

उपाशी सापाचे तोंड उघडून जबरदस्तीने काही कोंबणे, हा सर्वांत वाईट उपाय. साप कित्येक आठवडे अन्नावाचून राहू शकतो, मोठे अजगर तर महिनोन्महिने राहतात. पाण्यावाचून मात्र त्याचे हाल होतात. म्हणून जाणकार आधी पाणी, ऊब, आडोसा आणि शांतता देतात आणि वाट पाहतात. नळीने अन्न देण्याची वेळ आलीच तर ते पशुवैद्याचे काम आहे. आमच्या वसतिगृहात दर जूनमध्ये दोन-चार नवी मुले ताटावर बसून रडतात, जेवत नाहीत. जुन्या अधीक्षकांना हे माहीत असते की पहिल्या दिवशी त्या मुलाच्या मागे ताट घेऊन धावायचे नसते. असो.

आता दुधाकडे वळू. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडेही "साँप को दूध पिलाना" हा वाक्प्रचार आहे, मराठीतही सापाला दूध पाजणे आहे. दोन्ही भाषा त्याचा अर्थ कृतघ्नाचे पोषण असा करतात. गंमत अशी की दोन्ही भाषांनी सापाला विचारलेलेच नाही. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचे अन्न आहे. सापाची मादी अंडी घालते किंवा काही जातींत पिल्ले देते, पण कोणतीही मादी दूध देत नाही, आणि ते पचवण्याची सोय सापाच्या पोटात नाही. धामण रात्री गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असे आजही आपल्या गोठ्यांत सांगतात. सापाचे ओठ चोखण्याजोगे नसतात आणि त्याचे दात आत वळलेले असतात. गाय ते क्षणभरही सहन करणार नाही.

मग गारुड्याचा नाग दूध कसा पितो? याचे उत्तर सांगताना आम्हांला बरे वाटत नाही, पण मुलांनी ते ऐकले पाहिजे. नागपंचमीच्या काही आठवडे आधी नाग पकडला जातो. त्याचे विषदंत तोडले जातात, विषग्रंथी चेचली किंवा कापली जाते. पुष्कळदा तोंड दोऱ्याने शिवले जाते, जीभ बाहेर येईल एवढीच फट ठेवतात. मग त्याला टोपलीत किंवा पिशवीत कोंडून, अन्न नाही, पाणी नाही, असा ठेवतात. एवढा तहानलेला प्राणी समोर येईल त्या पातळ पदार्थात तोंड घालतो. आपण त्याला भक्ती मानतो. सापाची श्वासनलिका तोंडात अगदी पुढे, खालच्या जबड्याच्या तळाशी उघडते, त्यामुळे असे घेतलेले दूध सहज फुप्फुसात उतरते. नागाचे उजवे फुप्फुसच खऱ्या अर्थाने कामाचे असते, डावे अगदी लहान राहिलेले असते. तेही दुधाने भरले की न्यूमोनिया होतो. वरून हळदकुंकू पडते, आणि नागाला तर पापण्याच नाहीत.

अशा सोडवलेल्या नागांचे टाके काढून, तोंड जंतुनाशकाने धुऊन, सलाईन आणि औषधे देऊन प्राणिमित्र संस्थांचे लोक आणि पशुवैद्य त्यांना वाचवण्याचा प्रयत्न करतात. तरी पुष्कळ मरतात. पंचमीला आपण ज्याला नमस्कार केला, तो नारळी पौर्णिमेपर्यंत जगत नाही.

या विषयात महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध गाव सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा. तेथे जिवंत नागाची पूजा आणि मिरवणूक पिढ्यान् पिढ्या चालत आली. तेथील लोक सांगत की आम्ही नागाला इजा करीत नाही, सण झाला की सोडून देतो, आणि गारुड्याची टोपली व शिराळ्याचे मडके यांत फरक आहे हे आम्हीही मान्य करतो. तरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात पकडणे हीसुद्धा शिकारच मानली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर तेथे जिवंत नागांचे प्रदर्शन थांबले आणि गावकरी प्रतिमेची पूजा करू लागले. सन २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शैक्षणिक आणि पारंपरिक ज्ञानाच्या कारणासाठी, मर्यादित संख्येने, अटी घालून नाग पकडण्यास परवानगी दिली. हा निर्णय बरोबर की चूक यावर शिक्षकांच्या खोलीत आमचे दोन तट पडले होते. आमचे मत असे की ज्ञान द्यायचेच असेल तर नागाला बिळातच राहू द्यावे आणि मुलांना चित्रावरून शिकवावे. शिराळ्याच्या मंडळींना हे पटणार नाही, याची कल्पना आहे.

सण मोडावा असे आम्ही म्हणतो आहोत का? मुळीच नाही. उलट सणाचे जुने नियम आठवा. नागपंचमीला शेतकरी नांगर धरीत नाही, जमीन खणत नाही. घरात चिरणे, तळणे, तवा ठेवणे बंद. कहाणीतल्या शेतकऱ्याच्या नांगराने नागाची पिल्ले मरतात, तेथूनच ती सुरू होते. म्हणजे ज्या पावसाळी दिवसांत बिळात पाणी शिरून साप बाहेर येतात, त्या दिवसांत माणसाने एक दिवस तरी आपली अवजारे आवरावीत, असा तो सण आहे. त्यात नागाला घरातून ओढून आणून वाटीत बुडवावे असे कुठे आहे? आमच्या आयाबहिणी वारुळाला जाऊन येत, लाह्या वाहत आणि झोक्यावर बसत. नाग त्यांना कधी दिसलाही नसेल.

आणि आपण राहतो तो मुलूख कोणाचा आहे? बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे बाराव्या शतकातील महात्मा बसवेश्वरांचे कार्यक्षेत्र. दगडाच्या नागाची भक्ती करायची आणि जिवंत नाग दिसला की त्याला मारायला उठायचे, या विसंगतीवर त्यांनी आपल्या एका वचनात बोट ठेवले आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात सांगितलेली गोष्ट आहे ही. त्या शेतात काठ्या घेऊन धावलेल्या गड्यांनी आणि बादली घेऊन धावलेल्या दोन मुलांनी ती वाचलेली नव्हती, पण तिचा अर्थ मुलांच्या हातून घडला.

तरीही त्यांनी साप ठेवून घेतला, हे योग्य नव्हतेच, आणि ते आम्ही त्यांना समोर बसवून सांगितले आहे. वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता मानली जाते. कोणाच्या ताब्यात असा प्राणी आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनअधिकाऱ्याला कळवायचे असते. आज धामण होती म्हणून निभावले. उद्या त्याच पोत्यात घोणस असती तर? घोणस आणि लहान अजगर यांत भल्याभल्यांची गफलत होते. पुण्याचे नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत काढले, हे आम्ही लहानपणी ऐकले होते आणि मुले आजही ते चवीने सांगतात. पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभे राहण्यामागे त्यांचा अभ्यास होता, हे मात्र कोणी सांगत नाही. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांच्या प्राणी अनाथालयाची गोष्टही अशीच. तेथे आलेल्या अनाथ प्राण्यांमागे कित्येक वर्षांची रोजची मेहनत आहे. मुलांना या माणसांसारखे व्हायचे असेल तर आम्हांला आनंद आहे, पण त्याची सुरुवात रंगाच्या बादलीने होत नाही. बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आणि महाविद्यालय आहे. दहावी-बारावी नीट करावी आणि तेथे जावे. या दोघांपैकी एकाने तसे बोलूनही दाखवले आहे.

काही पालक विचारतात, माणसे साप चावून मरतात आणि तुम्हाला सापाचा कळवळा? प्रश्न रास्त आहे. सन २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले. आपल्या कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची प्रत्येक घटना कळवणे रुग्णालयांना बंधनकारक केले. हे सारे आम्ही मनावर घेतो. पण धामण मारून यांतला एकही माणूस वाचत नाही. धामण बिनविषारी आहे. माणसे वाचतात ती अंधारात टॉर्च घेतल्याने, पायात बूट घातल्याने, जमिनीवर न झोपल्याने, आणि चावल्यावर मांत्रिकाकडे न नेता सरळ सरकारी दवाखान्यात नेल्याने. बीदरला आणि कलबुर्गीला मोठी सरकारी रुग्णालये आहेत, तेथे प्रतिविष मिळते. ते प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासूनच तयार होते, हेही विसरू नये.

ते विष गोळा करणारे कोण? तमिळनाडूतील इरुळा जमातीचे लोक. पूर्वी कातड्यासाठी साप मारून पोट भरणाऱ्या या लोकांनी १९७८ मध्ये सहकारी संस्था काढली. परवान्याने साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात आणि सोडून देतात. त्यांच्यातील वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या फाटकाशी बसणाऱ्या गारुड्याचा विचार करताना आम्हांला हे आठवते. त्याला हाकलून लावणे सोपे आहे. त्याच्या बापजाद्यांची विद्या कायद्याने बंद झाली आणि तिच्या जागी त्याला दुसरे काही कोणी दिले नाही. गेल्या वर्षी त्याच्यासोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, शाळेच्या वेळेत. विश्वस्तांनी निदान तिच्या प्रवेशाचा विचार करावा, फीचे आम्ही पाहून घेऊ.

तेव्हा विश्वस्त मंडळापुढे आमचे म्हणणे असे आहे. दोन्ही विद्यार्थ्यांना काढू नये, निलंबितही करू नये. त्यांच्याकडून आम्ही एक काम करून घेत आहोत. आपल्या परिसरात आढळणाऱ्या सापांची मराठी आणि कन्नड नावे, विषारी-बिनविषारी, असा तक्ता ते विज्ञानाच्या बाईंच्या देखरेखीखाली तयार करीत आहेत. तो वाचनालयाबाहेर लागेल. शाळेच्या आवारात यापुढे जिवंत सापाचा खेळ होणार नाही, मग तो गारुड्याचा असो की स्वतःला सर्पमित्र म्हणवून गळ्यात साप घालून फोटो काढून घेणाऱ्याचा. जखमी साप दिसल्यास मुलांनी हात लावू नये, लांब उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी, मोठ्यांना सांगावे आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. वसतिगृहाच्या मागच्या वाटेवर दोन दिवे लावण्याचा खर्च आम्ही अंदाजपत्रकात मागितला आहे. तो गेल्या वर्षीही मागितला होता.

नागपंचमीला शाळा अर्धा दिवस भरेल. मुलींसाठी आणि मुलांसाठीही मैदानातल्या लिंबाला चार झोके बांधण्यात येतील. पाटीवर नाग काढून पूजा होईल. ज्या पालकांना दूध द्यावयाचे आहे त्यांनी ते सकाळी आठपर्यंत वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणून द्यावे. मुले संध्याकाळी पितील. दूध तापवूनच आणावे, ही विनंती.